दात मागे, चाकं पुढे

महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्याला पॉवर टिलर म्हणून आज जे विकलं जातंय, त्यातलं बरंचसं टिलर नाहीच. ते वीडर आहे. आधीच मोकळ्या असलेल्या मातीत फिरायचं, ओळीतलं तण काढायचं हलकं यंत्र. त्या कामाला ते चांगलं आहे. पण दगडगोट्यांच्या खाचरात नांगराच्या जागी ते विकणं ही लबाडी आहे, आणि विकणाऱ्याला ती पक्की ठाऊक असते.

फरक कळायला इंजिनिअर असावं लागत नाही, यंत्राच्या बाजूला खाली बसून बघावं लागतं. हलक्या वीडरमध्ये इंजिनाच्या बरोबर खाली, जिथे चाकं असायची तिथेच दात बसवलेले असतात. तेच दात माती खणतात आणि तेच यंत्राला पुढे ओढतात. मऊ मातीत हे जमून जातं. उन्हाने आवळलेल्या खाचरात दात रुतत नाहीत, वरच्यावर धावायला लागतात. एखादा गोटा लागला की अख्खं यंत्र उसळून पुढे पळतं आणि दांडा धरलेला माणूस त्याच्यामागे फरफटतो. खोली राखायला मागे एक लोखंडी दांडी दिलेली असते, ती जमिनीत दाबून धरायची. म्हणजे यंत्र आवरायचं काम शेवटी माणसाच्या खांद्यांनी आणि कमरेनेच करायचं.

दुसरी जात बॅक रोटरी. यात इंजिनाची ताकद दोन वाटांनी जाते. पुढची चाकं गिअरवर सावकाश फिरतात, मागचे दात जोरात फिरतात. वेग चाकं ठरवतात, त्यामुळे दातांना पळता येत नाही. पळता येत नाही म्हणून ते खणतात. तेरा अश्वशक्तीचा मोठा टिलरही याच तत्त्वावर चालतो. आमच्या जमिनीला हीच जात लागते. त्यातही काही यंत्रांचे दात उलटे फिरतात. कधी न उकललेल्या कडक जमिनीत ते खोल जातात हे खरं, पण गोटे वर खेचून पत्र्यात अडकवतात. डोंगराकडेच्या वाडीत सरळ फिरणारे दात आणि हळू चाक हेच बरं.

आता प्रदर्शनात काय दाखवतात ते बघा. सिमेंटच्या फरशीवर यंत्र उभं असतं. विक्रेता दोरी ओढतो, इंजिन गुरगुरतं, दात हवेत फिरतात, लोक मोबाईल काढतात. स्टिकरवर ‘७ एचपी’ किंवा ‘९ एचपी’ मोठ्या अक्षरात असतं. किंमत त्या आकड्यावर ठरते, घासाघीस त्या आकड्यावर होते आणि घरी आल्यावर शेजाऱ्याला सांगितला जातो तोही तोच आकडा. अश्वशक्ती इंजिनाची असते, जमिनीत काय उतरतं ते गिअरबॉक्स, चाकं आणि वजन ठरवतं. चाकांना वेगळा गिअर आहे का? दात बंद ठेवून नुसत्या चाकांवर यंत्र रस्त्याने नेता येतं का? ताकद गिअरने जाते की पट्ट्याने? पट्टा असेल तर चिखलणीच्या पाण्यात तो घसरू शकतो. रिव्हर्स टाकला की दात आपोआप थांबतात का? हे प्रश्न विचारणाऱ्याला विक्रेता ‘काका, तुम्ही आधी वापरून तर बघा’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पैसे दिल्यावर वापरून बघायचं, हा त्याचा अर्थ.

फिरत्या दातांनी जमीन खणण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्डने १९१२ साली वडिलांच्या शेतावर तिचे प्रयोग सुरू केले. त्याची पहिली अडचण इंजिनाच्या ताकदीची नव्हती, माती बाजूला उडण्याची होती. ती सुटली दातांचा आकार बदलून, इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पाती लावून. आजही जगभरच्या रोटाव्हेटरवर तसलीच पाती दिसतात. जे पहिल्या माणसाला पात्यापासून सुरुवात करून कळलं, ते आम्ही शेवटीसुद्धा विचारत नाही. मुरमाड जमिनीत पाती झिजतात, वाकतात, तुटतात. ती महाडच्या बाजारात मिळतात की पुण्याहून मागवावी लागतात, हा प्रश्न अश्वशक्तीच्या आकड्याहून शंभरपट महत्त्वाचा आहे. लावणीच्या आठवड्यात पातं तुटलं आणि पार्सल चार दिवसांनी आलं, तर रोप वाट बघत नाही. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉवर टिलर आणि त्याचे भाग यांची खुली आयात बंद करून त्यांना परवाना लावला. दिल्लीला सुट्या भागांचं महत्त्व कळतं. तालुक्याच्या दुकानदाराकडे पात्यांचा एक संच तयार असतो का, हे मात्र कोणी तपासत नाही.

हे यंत्र आमच्याकडे इतक्या वेगाने का शिरलं, याचं उत्तर बिरवाडीच्या बाजूला आहे. औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आले, घरटी एक माणूस शिफ्टला लागला. त्याच्या आधीपासून मुंबई होतीच. बैलजोडीला बारा महिने पेंढा लागतो, पाणी लागतं, आजारपणात जवळ बसणारा माणूस लागतो. फर्स्ट शिफ्टला पहाटे घर सोडणारा आणि नाईट करून सकाळी येऊन झोपणारा माणूस बैल पाळू शकत नाही. बैल विकले गेले. यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या पगारावर मुलं शिकली, घरं पक्की झाली.

पण बैल गेले तसं शेताचं वेळापत्रकही कारखान्याच्या हाती गेलं, आणि माझा खरा राग इथे आहे. शेत आता ‘ऑफ’च्या दिवशी होतं. त्या दिवशी जमिनीला वाफसा आहे का, हे कोणी बघत नाही. पूर्वी घरातला म्हातारा मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि खाली टाकायचा. गोळा फुटला तर औत जुंपायचं, चिकटून राहिला तर थांबायचं. बैल ओल्या जमिनीत अडत, कडक जमिनीत थकत, म्हणजे त्यांच्यामुळेही माणूस थांबायचा. यंत्र थांबत नाही. सुट्टी आहे, पेट्रोल भरलंय, मग फिरवा. ओल्या जमिनीत दात फिरले की ठरावीक खोलीवर मातीचा घट्ट थर घोटला जातो. भाताच्या खाचरात तसा थर हवाच असतो, चिखलणी आपण त्यासाठीच करतो, पाणी त्यानेच टिकतं. पण भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर ज्या खाचरात वाल पेरायचा, किंवा परसात मिरची-वांगी लावायची, तिथे तोच थर मुळांना आडवा येतो. आणि कोरड्या जमिनीत दोन-दोन, तीन-तीन वेळा यंत्र घालून जी पिठासारखी माती करतात आणि ‘कशी मऊ झाली बघा’ म्हणून फोटो टाकतात, ती पहिल्या वळवात वर पापुद्रा धरते आणि पुढच्या सरीत वाहून जाते. एकदा फिरवून ढेकळं राहिली तर राहू द्या. ढेकूळ पाणी मुरवतं.

उताराबद्दल तर मी कोणाचं ऐकून घेणार नाही. पोलादपूरच्या वरकस जमिनीत, जिथे नाचणी-वरी होते, तिथे मातीचा थर मुळातच पातळ आहे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथे वरून खाली यंत्र घालणं म्हणजे पाण्याला वाट खणून देणं. आडवंच फिरवायचं, आणि चढ असा असेल की यंत्र बाजूला कलतंय, तर घालायचंच नाही. कललेल्या इंजिनात ऑइल एका बाजूला जातं, इंजिन जळतं ते वेगळंच. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गाडलं गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. त्या दरडी टिलरने आणल्या असं म्हणण्याचा मूर्खपणा मी करणार नाही, तो पाऊसच तसा होता. पण असा पाऊस झेलणाऱ्या डोंगरावर राहताना उताराची माती विनाकारण मोकळी करायची नाही, एवढी अक्कल तरी आम्हाला त्या दिवसाने यायला हवी होती.

नांगरट मुळात हवी का, असा प्रश्न आमच्याच जिल्ह्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विचारला आणि सगुणा राइस तंत्र उभं केलं. गादीवाफे एकदा पाडायचे, पुढे नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यातला तणनाशकावरचा भर मला पटत नाही आणि आमच्या चिंचोळ्या खाचरांत ते सगळीकडे बसेल असंही नाही. पण कमी खणा, हे त्यातलं मुख्य सांगणं यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. पहिल्या वर्षी वाफे पाडायला बॅक रोटरी वापरा आणि मग तिला विश्रांती द्या, यातही काही कमीपणा नाही.

वजनाचं कोडं मात्र खरंच अवघड आहे, आणि त्यावर दुकानदाराकडे उत्तर नसतं. तेरा अश्वशक्तीचा टिलर चारशे किलोच्या आसपास जातो. महाडजवळच्या सपाट मळ्यात तो राजा आहे. पोलादपूरच्या पायरीपायरीच्या खाचरांत तो बांध फोडल्याशिवाय वर चढत नाही, आणि बांध फुटला की खालच्या तीन खाचरांचं पाणी जातं. पूर्ण हलकं यंत्र घेतलं तर ते उड्या मारतं. मधलं, शंभर किलोच्या आगेमागे, चाकांवर चालणारं, लोखंडी चाकं बदलून लावता येणारं, दोन फळ्या टाकून बांधावर चढवता येणारं यंत्रच इथे चालेल. आणि ते बाईला चालवता आलं पाहिजे. पुरुष कंपनीत किंवा मुंबईत, म्हणजे शेतात उभी कोण आहे ते डोळे उघडून बघा. दांड्याची उंची पुरुषाच्या मापाची, दोरी ओढायला पुरुषाचं बळ, क्लच दाबायला पुरुषाचा पंजा, असलं यंत्र तिच्या गळ्यात मारून ‘महिला सक्षमीकरण’ म्हणून फोटो काढणाऱ्यांनी ते एक सकाळ स्वतः चिखलात चालवून दाखवावं.

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेतून अनुदान मिळतं, छोट्या शेतकऱ्याला आणि महिलांना किमतीच्या निम्म्यापर्यंत, इतरांना चाळीस टक्क्यांपर्यंत, त्यालाही कमाल मर्यादा. अर्ज महाडीबीटीवर. सातबाऱ्यावर नाव हवं. कोकणातला सातबारा म्हणजे आजोबांपासूनची पंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला, आणि राबणाऱ्या सुनेचं नाव बहुतेक वेळा त्यात नाहीच. महिलांसाठीचा टक्का कागदावर राहतो. ज्याच्या नावाने यंत्र येतं तो शिफ्टला जातो.

या यंत्रांच्या चाचण्या होतात. मध्य प्रदेशात बुदनीला, आंध्रात गार्लादिन्नेला केंद्राच्या संस्था आहेत. चाचणीचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. नाही म्हणाला तर दुकानातून बाहेर पडा, मग तो नात्यातला का असेना.

कृषी खात्याकडे माझी मागणी साधी आहे आणि तिला नवा निधी लागत नाही. ज्या विक्रेत्याला अनुदानाचं यंत्र विकायचंय त्याने मे महिन्यात पोलादपुरात एका कडक वरकस तुकड्यात आणि जुलैत एका भरलेल्या खाचरात, सगळ्या वाडीसमोर, ते चालवून दाखवावं. फरशीवर नाही. तालीच्या कडेला नेऊन रिव्हर्स टाकून दाखवावं, कारण मागे दगडी ताल आणि पुढे फिरते दात यांच्यामध्ये पाय अडकतो तो तिथेच. दांडा सोडल्याबरोबर दात थांबले नाहीत तर त्या यंत्राला या दोन तालुक्यांत अनुदानाची पूर्वसंमती देऊ नये. आणि त्या दिवशी दांडा विक्रेत्याच्या माणसाने धरायचा नाही, ज्या घरात यंत्र जाणार त्या घरातल्या बाईने धरायचा. तिने नको म्हटलं तर अर्ज तिथेच थांबला पाहिजे.