सुशोभीकरणाच्या विरोधात

पडीक जागेच्या नशिबी आज दोनच गोष्टी असतात. एक तर तिथे मोडकी बाके आणि राडारोडा साचतो, नाही तर तिचे सुशोभीकरण होते. म्हणजे कडेने सिमेंटचे ठोकळे, मधे हिरवळ, कोपऱ्यात कारंजे (बहुधा बंद) आणि दर्शनी भागी 'आत जाऊ नये' अशी पाटी. माझ्या मते यापेक्षा दुर्लक्ष परवडले. त्यात निदान टाकळा आणि आघाडा तरी उगवतो.

या पाटीला पहिला विरोध साहित्याच्या अध्यापकांकडून व्हायला हवा होता. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. ललितगद्याचा मानदंड म्हणून ते शिकवले जाते ते मात्र बंद खोलीत, पंख्याखाली, 'निसर्गचित्रणाची वैशिष्ट्ये' अशा सहा मुद्द्यांत. पांगारा आणि काटेसावर यांतला फरक न ओळखणारा विद्यार्थी त्या पुस्तकावर प्रथम वर्गाचे गुण मिळवतो. (अध्यापकांची तशी परीक्षा कोणी घेत नाही, हे बरे.) झाडे ज्याला केवळ नामे म्हणून भेटली, त्याने ते पुस्तक अर्धेच वाचलेले असते. ही उणीव प्रतिभेची नव्हे, परिचयाची आहे, आणि म्हणूनच ती दूर करता येण्याजोगी आहे.

उघड्यावरचा वर्ग म्हटले की शांतिनिकेतनची नक्कल म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत आहे. हसणाऱ्यांना मराठी मुलखातला इतिहास ठाऊक नसावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी 'कुरणशाळा' चालवली. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेनेच कुरणात जावे, इतका साधा त्यामागचा तर्क होता. रम्य देखाव्याची हौस त्यात कुठेही नव्हती.

जागा नाही, ही सबबही तपासून पाहावी. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान मिठी नदीकाठी, धारावीला लागून, एके काळच्या कचरा टाकण्याच्या मैदानावर उभे आहे. तिथले पहिले रोप १९८३ साली सालिम अली यांच्या हस्ते लागले आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. सुमारे ३७ एकरांच्या उकिरड्यावर जे साधले, ते महाविद्यालयाच्या मागल्या दहा गुंठ्यांत अशक्य कसे?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण-शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. त्याचे आपण काय केले? एक पुस्तक, एक प्रकल्पवही, आणि ती वही गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवून घेण्याची सोय. मागल्या भिंतीपलीकडची जमीन मात्र वाहनतळासाठी राखीव! साप निघतात, अशीही हरकत घेतली जाते. साप राडारोड्यात निघतात. रोज माणसांचा वावर असलेल्या वाफ्यांत ते फारसे थांबत नाहीत.

खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव जुलैत येतो. रोपे लागतात, छायाचित्रे निघतात. पण ती रोपे मरतात एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी परीक्षा व सुटीच्या दिवसांत, महाविद्यालयाला कुलूप असताना. शैक्षणिक वर्ष आणि झाडाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, आणि कितीही सुंदर परिपत्रक काढले तरी तो बसणार नाही.

म्हणून मागले फाटक शेजारच्या वस्तीसाठी उघडले पाहिजे. तिथल्या बायकांना मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे हक्काने द्यावेत. स्वतःच्या वाफ्याला पाणी घालणारा माणूस मे महिन्यात बहाव्याच्या रोपालाही दोन तांबे घालतो. प्राचार्य म्हणतील, बाहेरची माणसे आवारात नकोत. मग त्यांनी सुटीत पाणी घालणाऱ्याचे नाव जुलैच्या आतच फलकावर लावावे, आणि त्यानंतरच खड्डे खणायला सांगावे.