वॉटसनचं हॉटेल आणि आमचा रिपेअर फंड

गेल्या शनिवारी टाउनला गेलो होतो. (आम्हा मुलुंडकरांना मुंबईत राहूनही ‘मुंबईला’ जावं लागतं, असो.) काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शनसमोर पाय थांबले. गंजलेले बिडाचे खांब, रिकाम्या खोल्या. हे एकेकाळी शहरातलं सगळ्यात झोकदार हॉटेल होतं म्हटलं तर कोणाला पटायचं नाही!

वॉटसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १८६० च्या दशकात ते बांधायला घेतलं. बांधलं कसलं, असेंबलच केलं म्हणा ना. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, सुटे भाग बोटीने आणले आणि इथे जोडले. डिझाइन ऑर्डिशचं, म्हणजे लंडनच्या सेंट पॅन्क्रास स्टेशनच्या छपरावर काम केलेला तोच इंजिनिअर. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. पुढे आपल्या सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवून कुस्ती चित्रित केली, ती याच वेडातून. टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मात्र कृपया फॉरवर्ड करू नका. ठोस पुरावा नाही.

मग हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे गाळे झाले. वकिलांची ऑफिसं आली, दुकानं आली, बिऱ्हाडं आली. भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली. मालक म्हणणार, एवढ्याशा भाड्यात रिपेअरिंग कुठून करू? भाडेकरू म्हणणार, इमारत तुझी, खर्च मी का करू? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि पाणी झिरपतंच आहे. २००५ मध्ये पुढचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडायचा सल्ला दिला, भाडेकरूंना बाहेर काढलं, आणि वारसा जपणारे म्हणाले, पाडू नका.

मीही म्हणतो पाडू नका. जोडलेली वस्तू भाग बदलून टिकवता येते, निदान प्रयत्न तरी करावा. पण खर्च कोणी करायचा, हा प्रश्न आला की माझी जीभ अडखळते. आमच्या सोसायटीत दरमहा शंभर रुपये रिपेअर फंड वाढवायचा ठराव तीन वेळा आला. तिन्ही वेळा बाबांनी विरोध केला, आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या बाजूने हात वर करणारा मी होतो. तेव्हा माझा पगार त्या शंभरांसाठी रडण्याइतका कमी नव्हता हो...

आता ऑडिटवाल्याने कॉलमवर लाल फुल्या मारल्यात. बिल्डरचं संमतीपत्र आठवडाभर आमच्या फ्रीजवर पडून आहे. आई रोज ते उचलते, खालची धूळ पुसते आणि परत ठेवते.