खुंट जिवंत आहे, तोवर रान आपले



उघड्या पडलेल्या डोंगराकडे पाहून 'इथे आता काय उगवणार?' असे आपण सहज म्हणतो. एकदा वर चढून पाहा. गवतात गुडघ्याएवढी झुडपे दिसतील. ते तोडलेल्या साग, ऐन, धावड्याच्या खुंटांना फुटलेले धुमारे आहेत. वर काही उरले नसले तरी खाली जुनी, खोल मुळे आहेत. दर पावसाळ्यात धुमारा वर येतो, आणि कोयता नाहीतर शेळी त्याला पुन्हा खाली बसवते.

पश्चिम बंगालच्या मेदिनीपूर भागात आराबारी येथे सालवृक्षाच्या रानाची हीच गत झाली होती. वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी हे वनसंवर्धनाचे जाणकार. सालाचा खुंट पुन्हा फुटतो हे शास्त्र त्यांना ठाऊक होते, पण राखण कोण करणार? १९७२ च्या सुमारास त्यांनी ११ गावांतील ६१८ कुटुंबांना बरोबर घेऊन सुमारे १,२७२ हेक्टर रान राखायला काढले. आधी गावाला लागवडीची कामे दिली. पुढे लाकडाच्या निव्वळ उत्पन्नातला चौथा हिस्सा गावकऱ्यांचा, असे ठरले. रान परत आले. १९९० साली केंद्र सरकारने साऱ्या राज्यांना लोकसहभागाचे धोरण कळवले, त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता.

आता आपल्या गावाचे पाहू. आधी खड्डे खणू नका, आधी जिवंत खुंट मोजा. भरपूर असतील तर तेवढ्या भागाला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करा. दोन-तीन वर्षांनी प्रत्येक खुंटावर जमिनीलगत फुटलेले एक-दोन जोमदार धुमारे ठेवा, बाकीचे धारदार कोयत्याने काढा. त्याचेच सरपण होते. मात्र वनजमिनीवर हे काम वनखात्याच्या सल्ल्याने व परवानगीनेच करावे. वणवा अडवायला उन्हाळ्याआधी जाळरेषा काढा. रोपे लावायची ती जिथे खुंट नाहीत तिथेच, आणि तीही आपल्याच रानातल्या जातींची.

एक गोष्ट मात्र विसरू नका. चराईबंदीचा भार बागायतदारावर पडत नाही. तो पडतो चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईवर आणि मोळी विकणाऱ्यावर. म्हणून ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच घ्या: यांच्या शेळ्या कुठे चरणार, यांची चूल कशावर पेटणार? सगळे रान एकदम बंद करू नका, भाग पाडून पाळीपाळीने बंद करा. राखलेले गवत कापून न्यायला पहिला मान त्यांना द्या आणि राखणीचे व धुमारे छाटण्याचे कामही त्यांनाच द्या.

कोणता धुमारा ठेवायचा ते शास्त्र सांगेल. पण तो रात्री कोणी तोडू नये, एवढी आपुलकी गावानेच निर्माण करायची आहे.