आवाजातील काडीकचरा



चातुर्मास लागला की अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणातील कॅसेटचा डबा खाली उतरतो. कोणाच्या आजीने गायिलेली स्तवने, कोणाच्या आजोबांनी एका बैठकीत म्हटलेले भक्तामर स्तोत्र, बहिणीच्या लग्नाच्या आदल्या रात्री बायकांनी म्हटलेली गीते, असा तो ठेवा असतो. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला तेलंगणाच्या सीमेवर वसलेल्या झरी जामणी तालुक्यातील कुटुंबे असोत की शेजारच्या वणी-पांढरकवड्यातील, कापसाच्या आणि किराण्याच्या व्यापारात स्थिरावलेल्या आपल्या घरांतून हा ठेवा आजही सापडतो. नातवंडे आता तो संगणकात उतरवू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र उतरवून झाल्यावर आवाज ‘साफ’ करण्याच्या उत्साहात पुष्कळदा मूळ आवाजच हरवतो. ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक इक्वलायझर नावाचे जे साधन मिळते, ते नीट समजून घेतले तर हे नुकसान टळू शकते. म्हणून या महिन्याचा लेख त्याविषयी.

इक्वलायझर या शब्दाचा अर्थ समान करणारा. हा शब्द संगीताच्या आधी टेलिफोनच्या क्षेत्रात रूढ झाला. तारेतून दूरवर आवाज पाठवताना त्यातील उंच स्वर अधिक क्षीण होतात आणि खालचे तुलनेने टिकून राहतात. ही विषमता भरून काढण्यासाठी जी विद्युतरचना योजली गेली, ती इक्वलायझर. त्यातूनही साध्या टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचत असे. ट्रंक कॉलवर नागपूर-मुंबईचा भाव घेणाऱ्या ज्येष्ठांना आठवत असेल की पलीकडचा माणूस ‘स’ म्हणतो की ‘फ’ हे कळत नसे आणि नावाची अक्षरे फोड करून सांगावी लागत. कारण या दोन वर्णांमधील फरक सांगणारा आवाजाचा भाग बराचसा ३४०० हर्ट्झच्या वर असतो आणि तारेतून तो येतच नसे. आवाजाचा एक पट्टा गेला की अक्षर जाते, ही गोष्ट येथेच मनात धरून ठेवावी.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो. ग्राफिक इक्वलायझर या विस्ताराचे ठरावीक भाग पाडतो आणि प्रत्येक भागाला एक उभी सरकपट्टी देतो. पट्टी वर सरकवली की तो भाग वाढतो, खाली सरकवली की कमी होतो. साध्या प्रकारात दहा पट्ट्या असतात, सविस्तर प्रकारात ३१. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेले आणि २००० साली सर्वांसाठी विनामूल्य खुले झालेले ऑडेसिटी हे सॉफ्टवेअर पुष्कळांच्या संगणकावर असते. त्यात हा ३१ पट्ट्यांचा इक्वलायझर आयताच मिळतो. अन्य सॉफ्टवेअरमध्ये तो प्लगइन म्हणून, म्हणजे वरून जोडायचा पूरक भाग म्हणून बसवता येतो. पट्ट्यांच्या माथ्यांवरून नजर फिरवली की आवाजात काय बदल केला त्याचा आलेखच दिसतो, म्हणून त्यास ग्राफिक म्हणतात.

कोणत्या पट्टीत काय सापडते, याची ओळख हवी. ५० हर्ट्झच्या आसपास विजेची गुणगुण असते, कारण आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिचे पडसाद १०० आणि १५० हर्ट्झवरही उमटतात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बोलताना साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रीचा २०० च्या आसपास. २५० ते ५०० हर्ट्झ हा आवाजाच्या भरीवपणाचा भाग असून तोच वाजवीपेक्षा जास्त झाला की रिकाम्या पेटीतून बोलल्यासारखे वाटते. २००० ते ४००० हर्ट्झमध्ये शब्दांची स्पष्टता असते आणि आपला कानही याच भागात सर्वाधिक तीक्ष्ण असतो. ५००० ते ८००० मध्ये ‘स’, ‘श’ यांसारख्या वर्णांचा सीत्कार असतो. त्याहून वर श्वासाची सळसळ, टाळांची झळाळी आणि जुन्या फितीचा ‘सूं’ असा आवाज.

पट्टी किती सरकवावी याचे माप डेसिबलमध्ये असते आणि येथे व्यापारी माणसाने सावध राहावे. डेसिबलचा हिशेब सरळव्याजाचा नाही, चक्रवाढीचा आहे. ६ डेसिबल वाढवले की ध्वनिलहरीची उंची दुप्पट होते, १२ ला चौपट, १८ ला आठपट आणि २० ला दहापट. ऑडेसिटीत पट्टी २० डेसिबलपर्यंत वर जाते, म्हणून ती तेथवर न्यावी असे नव्हे. संगणकातील ध्वनीला वरची मर्यादा असते. लहर त्या मर्यादेला जाऊन थडकली की तिचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. एकदा असा फाटलेला आवाज जतन केला, की नंतर पट्टी खाली ओढून तो सांधला जात नाही.

मग करावे काय? उत्तर आपल्या भागातील प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असलेल्या धंद्यात आहे. कापूस जिनिंगमध्ये येतो तेव्हा त्यात सरकी असते, वाळलेला पाला असतो, काडीकचरा असतो. यंत्र सरकी वेगळी करते, कचरा झाडते आणि रुई बाहेर येते. धाग्याची लांबी मात्र शेतातच ठरलेली असते. आखूड धाग्याचा कापूस कितीही चांगल्या यंत्रातून काढला तरी लांब धाग्याचा होत नाही. उलट रुई स्वच्छ दिसावी म्हणून ती पुनःपुन्हा सफाई यंत्रातून काढली, तर असलेला धागाही तुटून आखूड होतो. रुई पांढरी दिसते, पण गिरणीवाला चिमटीत धरून तंतू ओढतो तेव्हा तिची किंमत उतरते. इक्वलायझर हे असे जिनिंगचे यंत्र आहे. आवाजाचे पीक ध्वनिमुद्रणाच्या वेळीच आलेले असते. आपल्या हाती आहे ते कचरा झाडणे, आणि तेही धागा तुटणार नाही इतकेच.

या दृष्टान्तातून पहिला नियम निघतो: वाढवण्याआधी कमी करून पाहावे. आजीचा आवाज अस्पष्ट वाटतो म्हणून नातू २००० ते ४००० च्या पट्ट्या वर ढकलतो, त्यासरशी फितीचा खरखराटही वर येतो. त्याऐवजी ३००-४०० हर्ट्झच्या पट्ट्या तीन-चार डेसिबल खाली आणल्या, तर आवाजावरचे मळभ दूर होते आणि शब्द आपोआप पुढे येतात. वरची मर्यादा ओलांडण्याचे भयही उरत नाही. खर्च कमी करून शिल्लक वाढवण्याची ही जुनी रीत येथेही लागू पडते.

दुसरा नियम असा: जे मुद्रित झालेच नाही ते पट्टी सरकवून येत नाही. आपल्या पट्ट्यात अनेकांनी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून लागलेली भक्तिगीते घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. १९४८ साली सुरू झालेले हे केंद्र विदर्भाच्या खेड्यापाड्यांत मध्यम लहरींवर ऐकले जाई. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात दोन वाहिन्यांमध्ये केवळ ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात, त्यामुळे घरच्या रेडिओवर सुमारे साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग जवळजवळ येतच नाही. अशा कॅसेटवर ८००० किंवा १०,००० ची पट्टी वर केली तर गाण्यातील काहीच वाढत नाही, कारण तेथे गाणे नाही. वाढतो तो केवळ ‘सूं’ आवाज. अशा मुद्रणात ६३०० च्या वरच्या पट्ट्या निःशंकपणे खाली आणाव्यात.

मात्र हाच उपाय प्रत्येक कॅसेटला लावणे घातक ठरेल, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा येथे आहे. घरात समोर बसून केलेल्या मुद्रणात ५००० ते ८००० हर्ट्झमध्ये खरा आवाज असतो. ‘सूं’ घालवण्यासाठी या पट्ट्या तळाशी नेल्या की खोली शांत झाल्यासारखी वाटते, पण ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात, ट्रंक कॉलवरची ती जुनी अडचण घरच्या घरी निर्माण होते. सिनेमाच्या गाण्यात हे चालून जाईल. सूत्रपाठात चालत नाही. प्रतिक्रमण करणाऱ्यांना ज्ञानाचे चौदा अतिचार ठाऊक आहेत. अक्षर कमी म्हणणे, अक्षर जास्त म्हणणे, पद गाळणे, योग्य घोषाविना म्हणणे, यांची त्यांत स्वतंत्र नोंद आहे. ज्या परंपरेने ग्रंथ लिहिले जाण्यापूर्वी शतकानुशतके कंठस्थ पाठाने श्रुत सांभाळले, तिने उच्चाराला एवढे महत्त्व द्यावे हे स्वाभाविकच. आजोबांनी अक्षर पूर्ण उच्चारले होते, आणि नातवाच्या साफसफाईत ते हीनाक्षर झाले, तर दोष कोणाचा? पाठशाळेत जाणारी मुले आता मोबाइलवरील ध्वनिमुद्रण ऐकून सूत्रे पाठ करतात. ती जसे ऐकतील तसेच म्हणतील आणि पुढच्या पिढीला तसेच शिकवतील. म्हणून थोडा खरखराट राहिला तरी चालेल, अक्षर राहिले पाहिजे.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम संपूर्ण मुद्रण काहीही न बदलता एकदा ऐकावे आणि काय खटकते ते कागदावर लिहावे. मग पट्ट्या सपाट ठेवून सुरुवात करावी. पाठाचा किंवा स्तवनाचा केवळ मानवी आवाज असेल, तर ६३ हर्ट्झपर्यंतच्या सर्व पट्ट्या खाली न्याव्यात. तेथे कंठाचा आवाज नसतो, यंत्राची घरघर आणि विजेची गुणगुण असते. १०० ची पट्टी मात्र जपून हाताळावी, कारण तेथे पुरुषाच्या आवाजाचा पाया असतो. गुणगुण तेथेही त्रास देत असेल, तर एकच नेमकी वारंवारता वगळणारे नॉच फिल्टर वापरावे. इक्वलायझरच्या शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर परिणाम करतात, त्यांच्याने इतके बारीक काम होत नाही. त्यानंतर २५० ते ५०० चा भाग थोडा कमी करून पाहावा. शेवटी गरज वाटली तरच ३००० च्या आसपास दोन डेसिबल वाढ. कोणतीही पट्टी पाच-सहा डेसिबलहून अधिक हलवावीशी वाटली, तर हात थांबवून कारण शोधावे. पंख्याचा आवाज, मोठ्या दालनाचा घुमारा आणि फाटलेला आवाज हे दोष मानवी आवाजाच्याच पट्ट्यांत पसरलेले असतात. इक्वलायझरने त्यांचा परिहार होत नाही.

आपला निर्णय एकाच श्रवणावर सोपवू नये. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, त्यामुळे तेथे ऐकून केलेले संपादन मोठ्या स्पीकरवर ढणढणते. हेडफोनवर गोड वाटलेला आवाज दुकानातील रेडिओसारख्या पेटीवर बोथट वाटू शकतो. तिन्ही ठिकाणी ऐकावे. वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका बाजूने पाहिलेले पूर्ण सत्य नसते, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

बँकेतील नोकरीने एक सवय कायमची लावली: अस्सल दस्तऐवजावर कधीही खाडाखोड करायची नाही. तीच येथे लावावी. कॅसेटवरून उतरवलेली पहिली प्रत वेव्ह स्वरूपात जशीच्या तशी ठेवावी. एका तासाच्या स्टिरिओ मुद्रणाला साधारण ६३५ एमबी जागा लागते, आजच्या काळात ती काहीच नाही. नावात व्यक्ती, गाव आणि वर्ष लिहावे, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि इक्वलायझर फक्त नकलेवर चालवावा. आज आवडलेले संपादन दहा वर्षांनी खटकेल, अधिक चांगली साधनेही येतील. अस्सल शाबूत असेल तर नव्याने काम करता येईल. कॅसेटही टाकून देऊ नये.

एक मर्यादाही पाळावी. अनेक साधु-साध्वी विजेच्या उपकरणांचा वापर स्वीकारत नाहीत, ध्वनिवर्धकही घेत नाहीत. त्यांच्या प्रवचनाचे चोरून मुद्रण करून मग ते सुधारत बसणे ही भक्ती नव्हे. ज्यांची अनुमती आहे त्यांचेच मुद्रण करावे.

शेवटी एक सूचना. वाढत्या वयात उंच स्वर ऐकण्याची शक्ती प्रथम उणावते. साठीच्या पुढील माणसाने एकट्याने पट्ट्या लावल्या, तर तो वरचा भाग नकळत अधिक वाढवतो आणि तरुणांना तो आवाज कर्कश लागतो. तरुणाने एकट्याने लावल्या, तर त्याला खरखराट नेमका ऐकू येतो, पण आजीचा आवाज मुळात कसा होता हे त्याला ठाऊक नसते. एकाजवळ कान आहे, दुसऱ्याजवळ आठवण. तेव्हा या पर्युषणात कॅसेटचा डबा उतरवाल त्या दिवशी नातवाशेजारी घरातील ज्येष्ठांनाही बसवावे, आणि पट्टी सरकवण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना विचारावे.