आभाळातलं पाणी आणि ‘उपयोग काय?’

मंडळी, आमच्या राणीसावरगावात पाण्याचा विषय निघाला की बोअर किती फूट गेलं इथपासून सुरुवात होते. आज मात्र फार लांबच्या पाण्याबद्दल लिहितोय.

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारे धुळीच्या दाट ढगात जन्मतात. साध्या दुर्बिणीला आतलं काही दिसत नाही. पण जन्मणारा तारा भोवतालचा वायू ओढून घेताना त्यातला काही जोरात बाहेरही फेकतो. हा झोत आजूबाजूच्या वायूवर आदळला की तिथली पाण्याची वाफ तापते, रेणू ऊर्जेने भरून जातात. मग देवीच्या जत्रेत एकाने ‘उदे’ म्हटलं की सगळी गर्दी एका सुरात ‘उदे’ म्हणते ना, तसं होतं. एक रेडिओलहर जाते, वाटेतला एकेक रेणू तिच्यात अगदी तशीच लहर मिसळतो आणि ती प्रचंड वाढते. हाच पाण्याचा मेसर. चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तो आकाशात पहिल्यांदा पकडला. तरंगलांबी १.३५ सेंटीमीटर.

मेसरचे ठिपके लहान पण प्रखर असतात. एकमेकींपासून लांब असलेल्या दुर्बिणी जोडून त्यांची जागा फार नेमकी मोजता येते. काही महिन्यांनी परत मोजायचं, की ठिपका किती सरकला ते कळतं. पुरात वाहणारा पालापाचोळा बघून ओढ्याचा जोर ओळखावा, तसंच.

हंस तारकासमूहात, सुमारे ४२०० प्रकाशवर्षांवर, ‘डब्ल्यू ७५ एन’ नावाचा असा ढग आहे. त्यातल्या एका बाळताऱ्याभोवती १९९९ मध्ये मेसरचे ठिपके जवळजवळ गोल कड्यासारखे होते, पुढे ते कडं लांबट होत गेलं. त्याचा रेडिओझोतही १९९६ मध्ये गोलसर होता, तो २०१४ मध्ये एका दिशेने लांबलेला दिसला. म्हणजे झोताला दिशा मिळताना माणसांनी प्रत्यक्ष पाहिलं! अठरा वर्षं. एवढ्यात आपल्याकडे पोरगी जन्मून बारावी होते.

आमच्या भाचीची झालीच आहे. तिला फिजिक्स करायचंय, पुढे रेडिओ खगोलशास्त्र. नातेवाइकांचा एकच प्रश्न, “उपयोग काय?”

मला वाटतं, या प्रश्नाला नोकरी आणि जमिनीचे भाव एवढंच उत्तर देणं कोतेपणाचं आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया येतंय, २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर झाले, आणि आपण बोलतो प्लॉटबद्दल! तिथे ज्या कृष्णविवरांच्या टकरी ऐकायच्या, ती अशाच जड ताऱ्यांचे अवशेष असतात. आपल्या हंड्यातल्या पाण्यातला ऑक्सिजनही बहुतांशी अशाच ताऱ्यांच्या पोटात शिजला.

आणि हे काम फक्त परदेशातच होतं असंही नाही. गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला उभारलेली जीएमआरटी लांब रेडिओलहरी ऐकते. पाण्याचा मेसर तिच्या आवाक्यात नाही. पण ‘एचएच ८०-८१’ या जड बाळताऱ्याच्या झोताचा अभ्यास भारतीय संशोधकांनी तिच्यावरच केला, २०१८ मध्ये तो प्रसिद्धही झाला.

अठरा वर्षं एकाच ठिपक्याकडे बघणारी माणसं कुठल्या तरी घरातूनच येतात ना? मग आपल्या घरातून एक गेली तर काय बिघडलं?

असो. मामा-मावश्यांनो, रागवा, पण उत्तर द्या.