पद्मालयाच्या वाटेवरचे वानर

एरंडोलहून पद्मालय दहा-अकरा किलोमीटर. बहुतेक जण चतुर्थीला येतात, डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन्ही गणपतींचं दर्शन घेतात, तळ्यातली कमळं बघतात आणि घरी परततात. माझा आग्रह आहे, एखाद्या आडवारी सकाळी जा. दर्शन झालं की वानर बघायला भीमकुंडाच्या दिशेनं रानात पायी निघा. कुंडात उतरायची गरज नाही. वाट सोपी आहे तिथवरच जायचं, म्हणजे आजी-नातवंडं दोघांनाही जमतं.

ऑस्ट्रेलियात रेमंड बेटावर लोक कोआला बघायला अशीच सोपी पायवाट चालतात. तिथे कोआला १९५३ साली बाहेरून आणून सोडले. आपले काळ्या तोंडाचे वानर मात्र मूळचे इथलेच. दोघांचं नातं काही नाही, पण दोघंही पानांवर जगतात. निलगिरीच्या पाल्यात सत्त्व कमी आणि विष जास्त, म्हणून कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपून काढतो. वानराच्या जठरात कप्पे असतात. कोवळा पाला तिथे जीवाणूंच्या मदतीनं आंबतो, मगच अंगी लागतो. सकाळचं चरणं आटोपलं की अख्खी टोळी फांद्यांवर पाय सोडून बसते, ती यामुळे. बघायची वेळ हीच. एखादीच्या पोटाशी काळपट पिल्लू असतं. शेजारीण हात पुढे करते, आई देते, मग ते तिसरीकडे जातं. अर्धा तास कसा गेला कळत नाही.

म्हणूनच केळी, फुटाणे, बिस्किटं पुढे करणारे हात बघितले की जीव तुटतो. गोड आणि पिठूळ खाणं त्या पोटात भराभर आंबतं, आम्लता वाढते, पाला पचवणारे जीवाणूच मरतात. देवाचं वानर म्हणून प्रेमानं दिलेला घास त्याला आजारी पाडतो. शिवाय ते माणसाच्या हाताला सोकावतं आणि पुढे रस्त्यावर गाडीखाली येतं.

बरोबर मुलं असतील तर त्यांना शेपटीकडे बघायला सांगा. उत्तर भारतातलं वानर चालताना शेपटीचं टोक पुढे, डोक्याकडे वळवतं, दक्षिणेतलं मागे. या दोघांमधली सीमा अभ्यासक साधारण तापी-गोदावरीच्या पट्ट्यात मानतात. एरंडोल तापीच्या दक्षिणेला, पण फार लांब नाही. पद्मालयाच्या टोळीची शेपटी कुठे वळते, ते मुलांनीच वहीत काढून आणावं.