पडद्यावरचे गाव कोणाचे?

गेल्या महिन्यात नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना आम्ही शाळेच्या सभागृहात 'डॅड्स आर्मी' हा १९७१ सालचा इंग्रजी चित्रपट दाखवला. दुसऱ्या महायुद्धात गावाच्या रक्षणासाठी जमलेल्या वयस्कर शिपायांची ही विनोदी कथा. मुले पोट धरून हसली. पण 'असले चित्रपट शाळेत कशाला?' असे काही पालकांनी विचारले. त्याचे उत्तर देणे आम्हांला आवश्यक वाटते.

त्या काळी ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर गाजलेल्या विनोदी मालिकांवरून चित्रपट काढण्याची लाटच आली होती. समीक्षकांनी नाके मुरडली, प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर कंपनीचा 'ऑन द बसेस' १९७१ साली तेथील तिकीटबारीवर ब्रिटिश चित्रपटांत सर्वांत पुढे राहिला. घरच्यासारखी ओळखीची झालेली माणसे मोठ्या पडद्यावर भेटतात, याचेच ते आकर्षण असावे.

चित्रपट म्हटला की स्टुडिओच्या भिंतींबाहेर पडणे आलेच. 'हॉलिडे ऑन द बसेस' (१९७३) वेल्समधील प्रेस्टॅटिन येथे चित्रित झाला. कैद्यांच्या जीवनावरील 'पॉरिज'ला (१९७९) तर खराखुरा तुरुंग मिळाला, कारण चेम्सफर्डचा तुरुंग १९७८ च्या आगीनंतर रिकामा पडला होता. 'डॅड्स आर्मी'तले वॉल्मिंग्टन-ऑन-सी हे समुद्रकाठचे गाव काल्पनिक आहे. चित्रपटासाठी ते चॅलफंट सेंट जाइल्स या खेड्यात उभे केले. मूळ मालिकेतील बाहेरची अनेक दृश्ये थेटफर्ड या गावी घेतली होती. गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणी समुद्र नाही!

पण थेटफर्डकरांनी हे नाते जपले. तेथे स्वयंसेवकांनी या मालिकेचे संग्रहालय उभे केले आणि २०१० साली कथेतील कॅप्टन मेनवरिंगचा पुतळाही बसला.

आता दुसरी बाजू पाहू. 'डॅड्स आर्मी'चे लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांचीच 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर चालली. तिची कथा सुरू होते ती नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत. पेरी स्वतः सैन्यात असताना तेथे राहिले होते. तरी पडद्यावरची देवळाली उभी राहिली इंग्लंडमध्ये, आणि रंगी राम या हिंदी नोकराचे काम मायकेल बेट्स या इंग्रज नटाने तोंडाला रंग फासून केले. इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्दही देवळालीवरूनच आला. ब्रिटनमधल्या घराघरांत आपली देवळाली पोहोचली ती अशी.

याचा राग धरण्यात अर्थ नाही. पण आपल्या गावाची गोष्ट आपण सांगितली नाही, तर ती दुसरे सांगतात, त्यांच्या सोयीने आणि त्यांच्या विनोदासाठी. मुलांनी हसावे जरूर. मात्र पडद्यावरचे गाव कोणाचे आणि ते कोणाच्या नजरेतून दिसते, हेही ओळखावे. चित्रपट दाखवला तो यासाठी.

आपल्या बडोद्याचेच पाहा. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढणारे दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले. आपल्यापैकी किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेल्या आपल्या घरांतील नाटकांच्या, वाड्यांच्या, चित्रपटगृहांच्या आठवणी तर आजी-आजोबांबरोबरच लोप पावत आहेत.

म्हणून आमची विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या पेठेतील एका जागेविषयी एक पान लिहावे. पालकांनी त्यासाठी वेळ द्यावा. विश्वस्तांनी ग्रंथालयात एक कपाट द्यावे. थेटफर्डकरांनी काल्पनिक गावासाठी एवढे केले. आपले गाव तर खरे आहे.